‘नवशिक्याचा व्हेप’ : एका गृहीतकाचे खंडन

पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत आणि शिकायला लंडन, मँचेस्टर, मेलबर्नला गेलेल्या आपल्या मुलांच्या खोल्यांत एक मत आता चर्चेवाचूनच मान्य झाले आहे. व्हेप वाईट नसतो, चुकीचा व्हेप वाईट असतो, असे ते मत. नव्या माणसाने मोठ्या बॅटरीच्या आणि टाकी भरत बसण्याच्या भानगडीत पडू नये. लहानसा पॉड घ्यावा, ओढला की आपोआप सुरू होणारा, निकोटिन बेताचे असलेला, आंब्याच्या नाहीतर पुदिन्याच्या चवीचा. ठसका लागत नाही, यंत्र बिघडत नाही, अंगावर येत नाही. निवड नीट केली की बाकीचे प्रश्न मिटले, असा एकूण समज. हा समज खोटा आहे, असे मला येथे दाखवायचे आहे. ज्या गुणांमुळे एखादे उपकरण नवख्याला सोपे वाटते, नेमके त्याच गुणांमुळे ते त्याच्या हाती देण्याच्या लायकीचे राहत नाही.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ उरत नाही, म्हणून तो आधी पूर्ण ताकदीने मांडतो. सिगारेटमध्ये घात करते ते मुख्यतः जळण. तंबाखू जळली की डांबर तयार होते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि कर्करोगाला कारण ठरणारी कितीतरी रसायने धुराबरोबर फुप्फुसात उतरतात. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही. बॅटरी तारेच्या बारीक वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला, तापवते, कॉइलला लागून असलेल्या कापसात मुरलेले द्रावण तापून त्याचे तुषार होतात, ते ओढायचे. द्रावणात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीची द्रव्ये आणि निकोटिन. आजच्या स्वरूपातले हे यंत्र होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास घडवले. तो स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेला होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. म्हणजे यंत्राच्या जन्मामागे सिगारेट सोडण्याचीच धडपड होती. पुढे २०१५ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने व्हेप हा सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचे म्हटले. २०१६ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्याच दिशेचा अहवाल दिला. २०२३ साली ब्रिटिश सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचे सुरुवातीचे संच देण्याची योजना जाहीर केली.

यंत्रायंत्रांत फरक असतो, हेही या पक्षाचे म्हणणे खरे आहे. अगदी सुरुवातीच्या सिगारेटसारख्या दिसणाऱ्या कांड्यांत बॅटरी टिकत नसे आणि निकोटिनही धड पोहोचत नसे. उलट कमी रोधाची कॉइल आणि जास्त वॉटची बॅटरी असलेली थोराड यंत्रे ढगच्या ढग सोडतात. त्यांतला झुरका तोंडात न थांबता थेट छातीत जातो आणि सिगारेट ओढणाऱ्यालाही खोकल्याची उबळ येते. कापूस कोरडा पडला की जळका वास येतो. या पसाऱ्यातून वाट काढणाऱ्याला कुणी ‘आधी तोंडात ओढून मग आत घ्यायचा साधा पॉड घे’ असे सांगितले, तर तो सल्ला यंत्रापुरता चूक नाही.

मग चूक कुठे आहे? हा पुरावा कुणासाठी गोळा झाला आणि सल्ला कुणाला दिला जातो, यांत ती आहे.

व्हेपच्या बाजूने सर्वांत वजनदार मानली जाणारी चाचणी २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. पीटर हायेक आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या सिगारेट सोडवणाऱ्या सेवाकेंद्रांत आलेल्या ८८६ प्रौढांवर ती केली. काहींना निकोटिनचे पॅच, गम वगैरे दिले. काहींना पुन्हा भरता येणारा व्हेपचा संच आणि एक मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिन असलेले द्रावण दिले. दोन्ही गटांना किमान चार आठवडे, दर आठवड्याला समुपदेशन मिळाले. वर्षअखेर व्हेपच्या गटातले १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. हा फरक मोठा आहे आणि तो मी मान्य करतो. पण हे लोक कोण होते? रोज सिगारेट ओढणारे, ती सोडायची म्हणून स्वतःहून केंद्राची पायरी चढलेले, पाठीशी समुपदेशक असलेले. कधीच सिगारेट न ओढलेला एकही माणूस त्यांत नव्हता. त्यांना यंत्र ‘सोपे’ म्हणून दिले नव्हते, ते सोडण्याचे साधन म्हणून दिले होते. या पुराव्यावरून एकोणीस वर्षांच्या, सिगारेटला हात न लावलेल्या मुलीला ‘पॉडपासून सुरुवात कर’ असे सांगणे म्हणजे न्यायशास्त्रातला उघड अतिव्याप्तीचा दोष. ज्या वर्गाला लक्षण लागू नाही, त्या वर्गावर ते लादले गेले.

त्याच चाचणीतला दुसरा आकडा सहसा सांगितला जात नाही. व्हेपच्या मदतीने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते. दुसऱ्या गटात सोडलेल्यांपैकी दिलेले औषध चालू ठेवणारे ९ टक्के होते. वीस वर्षे सिगारेट ओढलेल्या माणसाच्या बाबतीत हा सौदा परवडणारा मानता येईल, कारण त्याने मोठे संकट टाळून लहान संकट पत्करले. पण ज्याच्यापाशी टाळण्यासारखे मोठे संकट नव्हतेच, त्याच्या वाट्याला यातले फक्त अडकणे येते.

९५ टक्क्यांचा आकडाही तपासून घेतला पाहिजे, कारण आपल्याकडे तो प्रयोगशाळेत मोजलेल्या मापासारखा सांगितला जातो. त्याच्या मुळाशी डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा निबंध आहे. त्यात तज्ज्ञांच्या एका लहान गटाने निकोटिनच्या बारा उत्पादनांना चौदा निकषांवर गुण दिले होते. ठोस पुरावा अपुरा असल्याचे त्या निबंधातच नमूद होते. जाणकारांचा अंदाज म्हणून त्याला मोल आहे. परंतु तो सगळा हिशेब तुलनेचा आहे आणि तुलना सिगारेटशी आहे. सिगारेटपेक्षा कमी घातक असणे ही फार मोठी पात्रता नव्हे. दीर्घकाळ सिगारेट ओढत राहणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांचा जीव ती घेते. न ओढणाऱ्याची तुलना त्याच्या रोजच्या श्वासाशी व्हायला हवी. ती केली की टक्केवारीला काही अर्थच उरत नाही.

आता सोपेपणाकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तो आहे.

जुन्या द्रावणांतले निकोटिन मुक्त स्वरूपातले, अल्कधर्मी असे. त्याचे प्रमाण वाढवले की घसा जळे. नवखा दोन झुरक्यांत खोकून यंत्र खाली ठेवी. निकोटिन हे विष आहे, तंबाखूचे रोप कीटकांना दूर ठेवण्यासाठी ते तयार करते, आणि घशाची ती जळजळ म्हणजे शरीराने वेळेवर दिलेला नकार होता. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात उत्पादन-रचना शिकलेल्या अ‍ॅडम बोवेन आणि जेम्स मॉन्सीस यांच्या कंपनीने २०१५ साली ‘जूल’ बाजारात आणला, तेव्हा हा नकारच काढून टाकला गेला. निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला की द्रावणाची अल्कधर्मिता उतरते आणि झुरका मऊ होतो. मग प्रमाण कितीही चढवा, घसा तक्रार करत नाही. जूलच्या अमेरिकेतल्या पॉडमध्ये ०.७ मिलिलिटर द्रावण असे आणि त्यात मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटिन. एकूण चाळीस मिलिग्रॅमच्या वर. एक पॉड म्हणजे वीस सिगारेटचे एक पाकीट, असे कंपनीच सांगत असे. दिसायला यूएसबीची कांडी, ना बटण, ना वास, ना ठसका. नवशिक्यासाठी आदर्श म्हणून आज जे गुण सांगितले जातात, ते सगळे त्यात होते.

परिणाम अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत नोंदलेला आहे. गेल्या तीस दिवसांत व्हेप ओढलेल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१७ साली ११.७ टक्के होते, २०१८ साली २०.८ आणि २०१९ साली २७.५. देशाचे सर्जन जनरल जेरोम अ‍ॅडम्स यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याला साथ म्हटले. त्याच महिन्यात मार्लबोरो बनवणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने जूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये तीसहून अधिक राज्यांशी जूलने ४३.८५ कोटी डॉलरची तडजोड केली. ही मुले चुकीचे यंत्र निवडल्यामुळे अडकली नाहीत. त्यांनी बाजारातले सर्वांत सोपे यंत्र निवडले होते.

आणि ही युक्ती व्हेपवाल्यांनी शोधलेली नाही. १९७३ साली आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीतल्या क्लॉड टीग या संशोधकाने तरुणांसाठीच्या नव्या सिगारेटवर एक अंतर्गत टिपण लिहिले. पहिल्या सिगारेटचा अनुभव बहुधा अप्रिय असतो, तेव्हा शिकणाऱ्यासाठी धूर सौम्य असला पाहिजे, हा विचार त्यात मांडलेला आहे. ओठाखाली धरायची तंबाखू विकणाऱ्या यू. एस. टोबॅको कंपनीने तर त्याची पायऱ्यापायऱ्यांची रचनाच केली होती. आधी कमी निकोटिनची, पुदिन्याच्या चवीची छोटी पिशवी, ‘स्कोल बँडिट्स’, मग ‘स्कोल’, मग जहाल ‘कोपनहेगन’. नवख्याने वर चढत जायचे, ही योजना कागदोपत्री होती आणि खटल्यांतून ती उजेडात आली. आपल्याला तर हे शिकायला अमेरिकेत जाण्याची गरजच नाही. गोड सुपारी, मग पानमसाला, मग गुटखा, मग नुसती मळलेली तंबाखू, हा चढ शाळेबाहेरच्या टपरीवर दोन पिढ्या आपल्या डोळ्यांसमोर घडला. टाटा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ज्यांचे तोंड दोन बोटांपुरतेही उघडत नाही, त्यांच्यापैकी कितीतरी जणांची सुरुवात एका गोड, निरुपद्रवी वाटणाऱ्या पुडीने झालेली असते. नवशिक्यासाठी खास तयार केलेली वस्तू या व्यापारात नेहमी एकाच कामासाठी तयार झाली आहे, आणि ते काम म्हणजे नवशिक्याला नवशिका राहू न देणे.

‘मग निकोटिन कमीत कमी घ्यावे, तीन किंवा सहा मिलिग्रॅमचे’ हा यावरचा ठरलेला प्रतिवाद. तो वरवर समंजस वाटतो. पण निकोटिनची सवय झालेले शरीर आपला वाटा मोजून घेते. द्रावण पातळ केले की माणूस लांब झुरके घेतो, वारंवार घेतो आणि जास्त द्रावण संपवतो. लंडनमध्ये लिन डॉकिन्स यांच्या गटाने व्हेप ओढणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसले. ‘लाइट’ सिगारेटचा सगळा इतिहास असाच आहे. फिल्टरजवळ बारीक छिद्रे पाडून यंत्राच्या मोजणीत डांबर कमी दाखवले गेले. ओढणाऱ्यांनी ती छिद्रे बोटांनी नि ओठांनी झाकली, झुरके लांबवले आणि कर्करोग जागच्या जागी राहिला. २००६ साली अमेरिकेतल्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या प्रकरणी सिगारेट कंपन्यांनी लोकांची फसवणूक केल्याचा निकाल दिला. युरोपीय संघाने व्हेपच्या द्रावणाला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची आणि टाकीला दोन मिलिलिटरची मर्यादा घातली, ती योग्यच आहे. पण दोन मिलिलिटरच्या एका फेकाऊ व्हेपमध्ये तरीही चाळीस मिलिग्रॅम निकोटिन मावते. ते सगळे रक्तात उतरत नाही हे खरे. पण ते किती वेळात संपवायचे याला बंधन नाही.

या बंधनाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण उपकरणांच्या तुलनेत ते कधी येतच नाही. सिगारेट संपते. पेटवावी लागते, बाहेर जावे लागते, पाच-सात मिनिटांत थोटूक उरते, बोटांना वास राहतो आणि आई विचारते. या प्रत्येक ठिकाणी थांबण्याची एक संधी असते. पॉडला शेवट नाही. तो उशाशी असतो, अभ्यासाच्या टेबलावर असतो, पांघरुणात ओढता येतो. सकाळी डोळा उघडताच पहिला झुरका आणि रात्री दिवा मालवल्यावर शेवटचा. डोस कुणी मोजत नाही, कारण मोजायला एककच शिल्लक नाही. उठल्यापासून किती वेळात पहिली सिगारेट लागते, हा व्यसनाची तीव्रता मोजण्याचा डॉक्टरांचा जुना प्रश्न आहे. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, पण ज्याला अंथरुणातून उठण्यापूर्वी पॉड लागतो, त्याने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

माझ्या बाजूचे लोकही एक चूक करतात, तिचेही खंडन इथेच केले पाहिजे. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या तीव्र इजेची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाल्याची आणि ६८ जण दगावल्याची नोंद झाली. हे आकडे आपल्याकडे ‘व्हेप सिगारेटहून भयंकर’ याचा पुरावा म्हणून फिरतात. पण त्यांतल्या बहुतेकांनी गांजातले द्रव्य असलेली, काळ्या बाजारातली द्रावणे ओढली होती आणि मुख्य संशय त्यांत मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या एका संयुगावर होता. व्हेप सिगारेटपेक्षा घातक आहे, याला आज आधार नाही. असे सांगितले तर इंग्लंडमध्ये सिगारेट सोडून व्हेपवर आलेला पन्नाशीचा गृहस्थ पुन्हा सिगारेटकडे वळेल आणि त्याचे पाप आपल्या माथी येईल.

आता आपल्या घरचा प्रश्न. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. साठवणीची शिक्षा वेगळी नि कमी आहे, बाकी बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. ओढण्याला वेगळी शिक्षा नाही, एवढ्या एका फटीवर ‘वापर कायदेशीर आहे’ अशी समजूत उभी केली जाते. पण कायदेशीर विक्रेताच नसलेल्या देशात हातात येणारी प्रत्येक कांडी चोरट्या वाटेनेच आलेली असते. तिच्या वेष्टनावरचे ‘२ टक्के’ किंवा ‘५ टक्के’ कुणी तपासलेले नसते, द्रावणात काय आहे याची जबाबदारी कुणावर नसते. निवड करायला खरी माहिती लागते. ती नसताना ‘योग्य उपकरण निवडा’ या सल्ल्याला आपल्या देशात पायाच नाही.

यावर जो आक्षेप येतो तो मला सर्वांत गंभीर वाटतो. विडी, सिगारेट नाक्यानाक्यावर मिळते आणि तिच्याहून कमी घातक वस्तूवर बंदी, ही कसली नीती? विसंगती आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती दूर करण्याचा मार्ग सिगारेट आणखी दुर्मिळ नि महाग करण्याचा आहे, तिच्या शेजारी आणखी एक पेटी मांडण्याचा नव्हे. शिवाय हानी कमी करण्याचा हा सगळा युक्तिवाद ज्या देशात वाढला, तिथे तंबाखू म्हणजे सिगारेट. महाराष्ट्रात तसे नाही. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मिश्री लावणारी आजी, चुन्याबरोबर तंबाखू मळणारा शेतमजूर, पुडी फोडणारा रिक्षावाला, ही आपली व्यसनाधीन माणसे. त्यांच्या फुप्फुसात धूर जातच नाही. त्यांना व्हेप देऊन कुठली हानी कमी होणार? आपल्या राज्यात व्हेपला गिऱ्हाईक म्हणून उरतो तो बहुतांशी तंबाखूपासून आजवर लांब राहिलेला, शिकलेला, हातात पैसे खुळखुळणारा तरुण. ज्याच्यासाठी पुरावा होता तो इथे अपवाद आहे, आणि ज्याच्यासाठी पुरावा नव्हता तोच बाजार आहे.

तेव्हा सिद्धान्तपक्ष असा. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याच्यासाठी योग्य व्हेप नाही. लहान नाही, सौम्य नाही, शून्य निकोटिनचे लेबल लावलेलाही नाही. जो ब्रिटनमध्ये किंवा व्हेप औषधाच्या दुकानातच विकण्याचे बंधन असलेल्या ऑस्ट्रेलियात राहतो आणि सिगारेट सोडू पाहतो, त्याने तिथल्या सेवाकेंद्राकडे किंवा डॉक्टरकडे जावे, व्हेप घ्यायचाच तर सिगारेट पूर्ण बंद करून घ्यावा, दोन्ही चालू ठेवू नयेत, आणि व्हेपही कधी व कसा सोडायचा हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे. यंत्राचा आकार नि रंग हा त्यापुढे अगदी किरकोळ प्रश्न आहे.

इथे, आपल्याकडे, सोडू इच्छिणाऱ्यासाठी निकोटिन गम आहे, पॅच आहेत, डॉक्टरांनी लिहून द्यायची औषधे आहेत. गमविषयी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, म्हणून सांगतो. तो च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. सावकाश चावायचा, तिखटसर चव आली की गालफडात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. भराभर चघळला की निकोटिन पोटात जाते, उचकी लागते, मळमळते आणि ‘हा काही उपयोगाचा नाही’ म्हणून माणूस पुन्हा पुडीकडे जातो. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ कुणाशी बोलता आले तर खूप फरक पडतो, आणि त्यासाठी सरकारची विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तंबाखू कुठल्याही रूपातली असो, मराठीत बोलायचे असले तरीही क्रमांक एकच आहे : १८००-११-२३५६. आपल्या घरात कुणी पहिला पॉड कुठला घ्यावा असे विचारत असेल, तर त्याला हा क्रमांक द्या.